शेषगिरीरावांचा मुत्तय्या

मद्रासला आले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. गिंडीला नवी औद्योगिक वसाहत निघाली होती, तिथल्या एका छोट्या कारखान्यात आमच्या विद्याधरपंतांना नोकरी लागली. कारखाना व्हॉल्व्ह बनवायचा. त्या व्हॉल्व्हपायी मी साताऱ्याचं हवेशीर घर सोडून मांबळमच्या दोन खोल्यांत येऊन पडले. राग राग व्हायचा नुसता. उकाड्यावर राग, भाजीवालीवर राग, आणि सगळं काही छान चाललंय असं घरी पत्रात लिहिणाऱ्या नवऱ्यावर तर सगळ्यात जास्त.

संध्याकाळी घरात बसवत नसे, म्हणून आम्ही जवळच्या कॉर्पोरेशनच्या पार्कात जायचो. पार्काच्या मधोमध रेडिओची एक खोली होती आणि बाहेर खांबावर कर्णे. ज्यांच्या घरी रेडिओ नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, ते तिथे गवतावर बसून बातम्या ऐकायचे, गाणं ऐकायचे. बुधवारी मात्र पार्कात पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशी ‘निलाक्कप्पल’ नावाची नभोनाट्याची मालिका लागायची. निलाक्कप्पल म्हणजे चंद्राचं जहाज. मद्रासहून एक यान चंद्रावर निघालंय, त्यात एक कप्तान, एक शास्त्रज्ञ, एक स्वयंपाकी आणि मुत्तय्या नावाचा शीळ वाजवणारा मेकॅनिक, अशी ती गोष्ट. रशियाचा स्पुटनिक वर जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि लोकांची डोकी तिकडेच लागलेली होती.

पहिल्या बुधवारी आम्ही दोघं ठोंब्यासारखे बसलो होतो. शेजारी एक बारकेसे गृहस्थ, पांढरंशुभ्र धोतर, मांडीवर काळी छत्री, हातात तपकिरीची डबी. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि एकदम उजळले.

“तुम्ही मराठे? आम्हीही मराठेच. तंजावूरचे,” ते म्हणाले. “कथा समजत नाही ना? मी सांगतों. तुम्हांस तमिळ येत नाही, मज तुमची तिकडची मराठी येत नाही. तरी जमेल. सरी, ठीक?”

ते शेषगिरीराव. रेल्वेच्या कचेरीत कारकून. घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीतलं कुणीतरी कॉफी प्यायला येऊन बसलंय असं वाटायचं. त्या दिवसापासून दर बुधवारी ते आमच्या दोघांच्या मधे बसायचे आणि कर्णा तमिळमध्ये जे बोलेल ते हळू आवाजात मराठीत सांगायचे.

खरी मजा कार्यक्रम संपल्यावर. रेडिओचा माणूस खोलीला कुलूप लावून जायचा आणि मंडळी तिथेच बसून वाद घालायची. वादाचे म्होरके दोन. एक आमचे विद्याधरपंत, दुसरे वेंकटरमण म्हणून एका औषधाच्या दुकानातले कंपाउंडर. विद्याधरपंतांना प्रत्येक गोष्ट शास्त्राला धरून हवी. वेंकटरमणना शास्त्राचं सोयरसुतक नव्हतं, पण मालिकेत मागे कोण काय बोललं ते सगळं तोंडपाठ, आणि आधीच्या भागाशी पुढचा भाग जुळला नाही की ते संतापायचे.

“यानात वजनच नसतं,” विद्याधरपंत म्हणायचे. “मग स्वयंपाकी सांबार वाढतो कसा? ते पानात राहीलच कसं? शुद्ध मूर्खपणा आहे!”

शेषगिरीराव हे तमिळमध्ये सांगायचे. वेंकटरमण तावातावाने उत्तर द्यायचे. शेषगिरीराव ते मराठीत सांगायचे: “ते म्हणतात, तुमची शंका उत्तम आहे. परंतु दुसऱ्या भागांत कप्तान बोलला होता, यान भोवऱ्यासारिखं फिरतं, म्हणून वजन राहतं.”

पुढे भाजीवालीशी भांडता भांडता मला थोडं तमिळ समजायला लागलं, तेव्हा शेषगिरीरावांची चलाखी लक्षात आली. विद्याधरपंतांचा ‘शुद्ध मूर्खपणा’ पलीकडे पोचायचाच नाही. पलीकडे पोचायचं, ‘साहेबांना एक शंका आहे’. आणि वेंकटरमण ‘या माणसाला गिंडीला परत पाठवा’ म्हणाले की आमच्याकडे यायचं, ‘तुमची शंका उत्तम आहे’. कडू शब्द या माणसाला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताच येत नव्हता. मी नवऱ्याला हे मुद्दाम सांगितलं नाही. इतकी वर्षं संसार करून मला जे जमलं नव्हतं ते हा माणूस दर बुधवारी करत होता.

अशातच एका बुधवारी मुत्तय्या मेला.

यानाचं काहीतरी बिघडलं म्हणून तो बाहेर गेला होता, हवेची नळी पाठीला लावून. नळी व्हॉल्व्हपाशी तुटली. कर्ण्यातून त्याची शीळ हळूहळू विरत गेली आणि मग नुसती वीणा. पार्कात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “पावम्, पावम्,” म्हणजे बिचारा, बिचारा, असं चहूकडून ऐकू येत होतं. विद्याधरपंत मात्र खूष.

“या मालिकेत आज पहिल्यांदा काहीतरी बरोबर दाखवलं,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह गेला की माणूस गेला.”

शेषगिरीरावांनी हे कुणालाच सांगितलं नाही. तपकिरीची डबी उघडली, तशीच मिटली, छत्री उचलली आणि नेहमीसारखे वादाला न थांबता घरी गेले.

त्यांची मुलगी तुळसी बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा रेल्वेतच, गुंतकलला. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरणीने तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. मुलगी मॅट्रिक झालेली, हुशार, वाचायची आवड असलेली. तिला भिंतीकडे बघत पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. वारा समुद्राकडून असला की पार्कातलं सुरुवातीचं संगीत तेवढं तिच्या खिडकीत पोचायचं. पुढचं सगळं शेषगिरीराव घरी जाऊन सांगायचे. आईने लेकराला घास भरवावा इतक्या निगुतीने त्या माणसाने ती मालिका रोज थोडी थोडी तिला वाटून दिली होती.

मुत्तय्या गेल्यावर काही दिवसांनी मी तुळसीला बघायला गेले. बरोबर चिकू नेले होते. तिची आई अंबुजाबाई कॉफी करायला आत गेल्या, तशी तुळसीने माझा हात धरला.

“अक्का, तुम्ही पार्कांत जाताव. खरं सांगा. मुत्तय्याची नळी तुटली, तो वाचला कसा?”

वाचला?

“अप्पा म्हणतात, कप्तानानं दोर टाकून ओढला. पण दोर तर मागेंच जळाला होता! ती आग लागली तेव्हां. अप्पाच म्हणाले होते. मी विचारलं तर म्हणाले, पुढच्या बुधवारी कळेल.” तिचा आवाज खाली आला. “अक्का, तो मेला तर नाही? मी एक मनांत धरिलं आहे. वेडेपण आहे, ठाऊक आहे मज. तो सुखरूप घरी परतला तर माझंही सर्व नीट होईल, असं.”

दारात शेषगिरीराव उभे होते. आत्ताच कचेरीतून आलेले, हातात छत्री तशीच. त्यांनी माझ्याकडे विनवल्यासारखं पाहिलं.

“माझं तमिळ कच्चं आहे गं,” मी म्हटलं. “आमच्या ह्यांना विचारून सांगते. व्हॉल्व्हमधलं त्यांना कळतं.”

बाहेरच्या ओसरीवर शेषगिरीराव मला म्हणाले, “आमच्यांत घरांत गर्भारशी असली तर मरणाची वार्ता आंत नेत नाहीत. कोपऱ्यावरचे वकील गेले, तेंही तीस सांगितलं नाही.”

“अहो, पण हा रेडिओतला माणूस!” मला हसू आवरेना. “त्याचं का कुठे सुतक लागतं?”

“ती त्यास शेजारचाच समजते,” ते म्हणाले. “दारापर्यंत सांगायचंच म्हणून आलों. तीस पाहिलं, आणि तोंडांतून निघालं, वांचला. आतां तो वांचला पाहिजे, जयवंतीबाई. ती फार विचारते.”

मला हसल्याची लाज वाटली. घरी जाऊन मी विद्याधरपंतांना सगळं सांगितलं.

“पण तो मेलाय,” ते म्हणाले.

“ते मलाही माहीत आहे.”

“अगं, हवा संपली म्हणजे संपली. आता यात मी काय करू?”

“व्हॉल्व्ह बनवता ना? मग बनवा एक,” मी म्हटलं आणि ताट जरा जोरातच आपटलं.

ते जेवले, पान खाल्लं, झोपले. सकाळी दाढी करता करता अर्ध्या गालावर साबण घेऊन स्वयंपाकघरात आले. “नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह,” ते म्हणाले. “हवा आत सोडतो, बाहेर सोडत नाही. नळी तुटली तरी पोशाखातली हवा पोशाखातच राहते. थोडा वेळ श्वास घेता येईल त्याला. खरं म्हणजे असला व्हॉल्व्ह तिथे असायलाच हवा. नसेल तर ज्याने पोशाख बनवला त्याला नोकरीवरून काढलं पाहिजे.” आणि पुन्हा आरशाकडे गेले. त्या क्षणी मला माझा नवरा फार आवडला, हे कबूल करायला हवं.

पुढच्या बुधवारी त्या दिवशीचा भाग संपल्यावर शेषगिरीरावांनी पार्कात विषय काढला. लाजत लाजत, छत्रीच्या टोकाने गवत उकरत. समजा, मुत्तय्या वाचला असता, तर कसा? आधी लोक हसले. मग शेषगिरीरावांनी कारण सांगितलं आणि कुणी हसलं नाही. त्यांच्या लेकीचं पहिलं मूल गेलेलं मांबळममध्ये सगळ्यांना माहीत होतं.

विद्याधरपंतांनी आपला व्हॉल्व्ह मांडला. या खेपेला शेषगिरीरावांना भाषांतरात काही गाळावं लागलं नाही. वेंकटरमणनी मान हलवली. श्वासाचं ठीक, पण त्याला आत ओढणार कशाने? दोर जळाला. यानात दुसरा दोर नाही, हे कप्तानाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आणि जे सांगितलंय त्याच्या विरुद्ध जायला वेंकटरमण तयार नव्हते, मग मुलगी कुणाचीही असो.

वाद पेटला. कुणी म्हणालं तारा बांधा. वेंकटरमण म्हणाले, तारा चंद्रावर लागणार आहेत. कुणी म्हणालं स्वयंपाक्याचं धोतर. विद्याधरपंत म्हणाले, सुती कापड ताण धरणार नाही. मग वेंकटरमण स्वतःच ओरडले, “पुडवै!” पुडवै म्हणजे साडी, एवढं मला कळत होतं. पहिल्याच भागात कप्तानाच्या आईने त्याच्याजवळ देवीला वाहायचं म्हणून नऊवारी कांचीवरम दिलं होतं! सगळे ते विसरले होते, बहुतेक लिहिणाराही विसरला होता.

“रेशीम टिकेल का?” विद्याधरपंतांनी विचारलं.

मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, चारचौघांसमोर पहिल्यांदाच, बोलले. कांचीवरम फाटत नाही. माझ्या आत्याच्या लग्नातलं अजून ट्रंकेत आहे, ताणून बघा म्हटलं. पार्कातल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि तिथे पुरुषांचा वाद संपला. देवीच्या साडीला हात लावायचा कसा, असं एक म्हातारे विचारू लागले, तेव्हा त्यांच्याच बायकोने सांगितलं की जीव वाचवायला दिलेली साडी देवीला पोचलीच म्हणून समजायचं.

शेषगिरीराव त्या दिवशी घरी धावतच गेले म्हणायचे. छत्री विसरले. ती आम्ही नेऊन दिली, तेव्हा खिडकीतून तुळसीचा आवाज येत होता. “नऊवारी! अप्पा, माझ्या ध्यानांतच नव्हतं!” ती हसत होती. अंबुजाबाई दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, “आतां दोन घास जास्त जेवेल.”

त्यानंतर दोन मालिका चालू राहिल्या. एक कर्ण्यावर, एक शेषगिरीरावांच्या घरी. कर्ण्यावरच्या गोष्टीत मुत्तय्या नव्हता, तेव्हा त्याला घरच्या गोष्टीत बसवायचा कुठे? शेषगिरीरावांनी त्याला यानातल्या एका खोलीत झोपवलं. फार हवा गेली होती, म्हणून शास्त्रज्ञाने त्याला उठायचं नाही असं बजावलं होतं. बाकीचे बाहेरून यायचे आणि चंद्रावर आज काय पाहिलं ते त्याला सांगायचे. तुळसीला हे फार पटलं. “माझ्यासारिखाच आहे पावम्,” ती म्हणायची. “कंटाळत असेल.” मग मुत्तय्या पडल्या पडल्या शीळ वाजवतो, असं शेषगिरीरावांनी घातलं. घरी त्यांना शीळ वाजवावी लागली. या वयाला, धोतर नेसून, पंचांग वाचणाऱ्या माणसाने! अंबुजाबाई कपाळाला हात लावून हसायच्या.

तिचे प्रश्न मात्र संपत नव्हते. पडल्या पडल्या जेवतो कसा? त्याचं काम आता कोण करतं? दर प्रश्न पार्कात यायचा, आणि दर प्रश्नावर विद्याधरपंत आणि वेंकटरमण तुटून पडायचे. वेंकटरमण तर आता कर्ण्यावरच्या भागात चूक सापडली की “आपल्या गोष्टीत असं नाही” म्हणून समाधान मानू लागले होते.

मालिका संपत आली आणि तुळसीचे दिवसही भरले. शेवटच्या भागात यान कोवलमजवळ समुद्रात उतरलं. कोळ्यांनी होड्या नेऊन सगळ्यांना काठावर आणलं. कर्ण्यावर कप्तानाने मुत्तय्याच्या आईच्या हातात त्याची टोपी दिली. घरच्या गोष्टीत मुत्तय्या कुणाचा हात न धरता होडीतून उतरला आणि आईने त्याला आधी शिवी दिली, मग जवळ घेतलं. शिवी अंबुजाबाईंनी सुचवली होती. ती ऐकून तुळसी शांत झोपली, आणि त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची. बारशाला आम्ही सगळी पार्कातली मंडळी गेलो होतो. मुलीचं नाव बापाकडच्या आजीच्या नावावरून त्रिपुरसुंदरी ठेवलं. एवढंसं बाळ आणि एवढं नाव, पण तिथे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

इथे गोष्ट संपायची. पण पुढच्या वर्षी श्रोत्यांच्या आग्रहावरून ‘निलाक्कप्पल’ पुन्हा पहिल्यापासून लागलं.

तुळसी नेमकी तेव्हा माहेरी आली होती, आणि आता तिला अंथरुणाचं बंधन नव्हतं. पोरीला कडेवर घेऊन ती बुधवारी पार्कात यायला निघाली. शेषगिरीरावांनी डास सांगितले, दृष्ट सांगितली, पोरीला थंडी बाधेल सांगितलं. मद्रासची थंडी! तुळसी कशाला ऐकते? ती दर बुधवारी आली. एकेक भाग पुढे सरकत होता आणि शेषगिरीराव वाळत चालले होते.

“ती काय म्हणेल?” ते मला म्हणाले. “बाप खोटं बोलला. जन्मांत एकदांच, आणि तेंही असं. आतां पुढें मी कांहीही सांगितलं तर खरं मानेल का?”

“आधीच सांगून टाका ना,” मी म्हटलं.

“रोज सांगायला जातों,” ते म्हणाले. “रोज कडेवर मूल असतं.”

तो बुधवार आलाच. तुळसी पुढेच बसली होती, मांडीवर पोरगी. मुत्तय्या यानाबाहेर गेला. नळी तुटली. शीळ विरली. वीणा सुरू झाली. आणि पार्कात कुणीही कर्ण्याकडे बघत नव्हतं, सगळे तुळसीकडे बघत होते. वेंकटरमणनी खाकरून घसा साफ केला. विद्याधरपंतांनी माझा हात घट्ट धरला होता, जे ते चारचौघांत कधी करत नाहीत.

कर्ण्यावर कप्तान रडत होता. तुळसी निश्चल बसली होती. मग तिने पोरीचं जावळ सारखं केलं, मागे वळली आणि पहिल्यांदा आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. साडी आठवणाऱ्याकडे, व्हॉल्व्हवाल्याकडे, माझ्याकडे. मग बापाकडे. तिचे डोळे भरून आले होते.

“अप्पा,” ती म्हणाली, “ह्या रेडिओवाल्यांस आपली कथा नीट ठाऊक नाही.”

शेषगिरीराव तपकिरीची डबी उघडायला गेले ती हातातून गवतावर पडली.

“व्हॉल्व्हच विसरलेत लेकाचे!” विद्याधरपंत गरजले. “आणि साडी!” वेंकटरमण ओरडले.

रेडिओचा माणूस खोलीला कुलूप लावून निघून गेला. एकही माणूस उठला नाही. तुळसीने पोरीला आजोबांच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, “सांगा आतां. नळी तुटली. मग?”

शेषगिरीरावांनी डोळे पुसले, छत्री बाजूला ठेवली आणि सगळ्या पार्काला तमिळमध्ये सांगायला लागले. मधे एकदा त्यांनी शीळ वाजवली, तेव्हा नात दचकली आणि मग हसली. त्या दिवशी माझ्यासाठी मराठीत सांगायला कुणी मोकळं नव्हतं. माझं तमिळ अजूनही कच्चंच होतं, पण मला एकही शब्द अडला नाही.